नवसाचे पाय

— न्हाई न्हाई, बसत न्हाई मालक, स्टूल ऱ्हाऊ द्या — आन् पायाकडं नका बघू, पायपुसण्यावर घासूनच आत आलोय. चप्पल बाहीर काढली न्हाई हो, चप्पलच न्हाई! चाकूरहून एसटीनं, आन् स्टँडपासून गंजगोलाईपतूर पायी, अनवाणी. हाव, ह्या उन्हात. भाजतंय की डांबर, भाजंना! नवस हाय. आमची दामिनी, माझी लेक, वर्दीत दिसंपतूर ह्यो दगडोबा पायात काही घालणार न्हाई — मारुतीफुडं नारळ फोडून, भर पारावर सांगितलंय. आन् तुमी मला स्लीपर दाखवून राहिलात! ठिवा ती जागच्या जागी. म्या घ्यायला आलो न्हाई, वापस द्यायला आलोय. ह्यो डब्बा तुमच्याच दुकानातला ना? पिशवीवर नाव हाय तुमचं. मंग धरा. पोरीचे पळायचे बूट हायेत, कोरे करकरीत. आमच्या घरच्या बाईनं, कावेरीबाईनं, मला चोरून नेले आन् ज्वारीच्या कोठीत दडवून ठिवले. काल ज्वारी काढाया हात घातला तर हाताला डब्बा!

कोरे म्हंजे कोरेच. कावेरी गळ्याला हात लावून म्हणली, एक डाव बी घातले न्हाईत हो तिनं, आणून नुसते ठिवलेत. ती माझ्याशी खोटं बोलत न्हाई, लई भेती मला. — म्या उघडून बघितलं का? छ्या! नवसाचा माणूस, जोड्याला हात कामून लावू? तिलाच म्हणलं डब्बा पिशवीत घाल, आन् निघालो. तुमी उघडा की. खुशाल उघडा.

हसू नका. तुमी बूट इकता, तुमी हसणारच. पण मला एक सांगा, देवानं पाय दिला तवा खाली रबर लावून दिला व्हता का? — बैलाला नाल ठोकतात? ठोकतात, कबूल — पण हरणाला कोण ठोकतंय? आं? बोला की. पोरीच्या पोलीस भरतीच्या अकॅडमीतले भागवत मास्तर हायेत, त्येंचं बी हेच तुणतुणं — काका, मैदानात मुरूम हाय, खडी हाय, टाच जाती, घोटा सुजतो, पोरीला बूट घालू द्या. म्या म्हणलं, मास्तर, तुमी शिकलेले, पण मोबाईल आमच्याकडं बी हाय. तिकडं परदेशात गोरे लोक चांगले चांगले बूट काढून फेकून पळून राहिलेत, आन् पांढरा कोट घालून डाक्टर त्येच्यावर बोलून राहिलाय, म्या अर्धा घंटा बघितलं. — भाषा? भाषा न्हाई कळली. पाय दिसत व्हते की!

तर नवस. असं झालं बघा, पारावर इषय निघाला, कोणाची पोरगी काय करती. म्या म्हणलं माझी पोलीस व्हणार. एक जण म्हणला, दगडोबा, बोलणं सोपं हाय. मंग गेलो उठून, फोडला नारळ. सगळा पार हुबा ऱ्हायला! फुडं सप्त्यात माझा सत्कार केला, शाल, श्रीफळ, फेटा. महाराज म्हणले, लेकीसाठी असा बाप पंचक्रोशीत न्हाई. भरती व्हायची व्हती पोरीची आन् सत्कार माझा — तसं बघितलं तर उलटंच झालं, पण गावाचं प्रेम, न्हाई कसं म्हणावं? दामिनी तवा मंडपात बसली व्हती बाया-माणसांत. टाळ्या वाजवत व्हती का न्हाई, आता ध्यानात न्हाई.

— शेतात? शेतात काय, शेतात गमबूट घालतो. घालावाच लागतो मालक, फवारणीचं औषध पायावर पडतंय, सोयाबीनमधी जनावर असतंय. ते नवसात धरत न्हाईत. — कोण म्हणलं? मीच म्हणलं. शेत म्हंजे घरच, आन् तितं बघतंय कोण? शिवाय गमबुटाला चामडं नसतंय. — हं? ह्येला बी चामडं न्हाई? ह्या पळायच्या बुटाला? — तुमी मुद्दा सोडून बोलता बघा. इषय काय, तुमी बोलता काय!

इषय गेल्या महिन्याचा हाय. लातुरात पोलीस भरतीचं पळणं व्हतं. म्या तारंच्या कुंपणाला जाऊन हुबा, फाटंपासून. फेटा बांधून गेलतो, तिला लांबून दिसावा म्हणून. पोरी आल्या लाइनीला. आमच्या दामिनीच्या हातात पिशवी, तिनं इकडं तिकडं बघितलं, मंग मी दिसलो. मी हात केला. तिनं माझ्याकडं बघितलं, मंग खाली माझ्या पायाकडं बघितलं — आन् वाकली. बराच टाइम वाकून व्हती, मधी दुसऱ्या पोरी आडव्या, मला पुरतं दिसंना, पण म्या वळखलं की, धरतीला नमस्कार करून राहिली. डोळ्याला पाणी आलं मालक. उठली, पिशवी मैतरणीकडं, त्या पुनमकडं दिली, आन् पळाली. बिनाबुटाची! म्या वरडलो — ती बघा, ती माझी! सगळे तिच्या पायाकडं बघायले. निम्म्यापतूर फुडं व्हती. मंग काय झालं कुणास ठावं, लंगडायलीच. तळवे सोलून निघाले, रगत आलं. थोडक्यात भरती हुकली. तवापासून माझ्याशी कामापुरतंच बोलती.

म्या लई इचार केला, कामून असं व्हावं? तर काल कोठीत हात घातला आन् उलगडा झाला. घरात बूट! नवसाच्या घरात बूट दडवलेले! बट्टा लागणारच की. आता फुडल्या हप्त्यात नांदेडला वनरक्षकाचं पळणं हाय, वयाचा इचार केला तर ही शेवटचीच संधी, मास्तरच म्हणले. ह्यातून गेली तर मंग पाव्हणे बघायचे, दुसरं काय! म्हणून म्हणलं, आधी घर साफ करावं. तर घ्या वापस, कोरे हायेत, काय पैशे व्हतील ते द्या, कमी-जास्त म्या बोलणार न्हाई —

काय झालं? उलटं कामून धरलंत?

— कसं व्हईल? दुसऱ्याचे असतील. डब्बा बदलला असंल. बघू. द्या इकडं, हातात द्या, काय व्हत न्हाई.

तळ गेलाय की हो. टाचंला तर पार गुळगुळीत. आन् ही लाल माती — आमच्याकडं तर काळी. ही मैदानातली. — न्हाई, पण तिचेच कशावरून? अकॅडमीत पोरी काय कमी हायेत, एखादीनं... ह्यो दोरा.

ह्यो काळा दोरा नाडीला बांधलाय बघा. मारुतीचा हाय. म्याच आणून दिलता, हाताला बांध म्हणलं व्हतं.

म्हंजे वाकली व्हती ती...

नमस्कार नव्हता त्यो.

बूट सोडून राहिली व्हती. मला बघून. वरीसभर ह्याच्यावर पळाली आन् त्या दिवशी, माझे पाय बघून... आन् म्या तिकडं फेटा बांधून वरडतोय, बिनाबुटाची, बिनाबुटाची! — कावेरी मला भेती म्हणलो ना तुमाला? भेती, म्हणून तर खोटं बोलली. आन् पोरगी कोणाची हाय? बाप गमबूट घालतो कोणी बघंना तितं. मंग तिनं तरी काय येगळं केलं?

पाणी? नगं. ऱ्हाऊ द्या.

वापस नगंत आता. ह्याच मापाचे नवे काढा. — नवे चालायचे न्हाईत? पाय लागायला टाइम लागतो, आठ दिवसात फोड येतील? मंग हेच? ह्येच्यावरच पळंल ती? बरं. बरं. भागवत मास्तर बी असंच कायतरी म्हणत व्हते, म्या ऐकून घेतलं न्हाई.

ती मघाची स्लीपर कुटं ठिवली? काढा. — माझ्याच मापाची. हाव, माझ्या. नवसाचं म्या बघून घेतो. मारुती आजपतूर एक सबुद बोलला न्हाई, बोलतंय ते गाव. येशीपाशी काढून पिशवीत टाकीन, कोणाला काय कळतंय... न्हाई. न्हाई टाकत. पारावरूनच जातो, फटक फटक वाजवत. शाल मागितली वापस तर देतो, उन्हाळ्यात तशी बी काय कामाची?

बांधू नका, पायातच घालतो. पोरीचा डब्बा तेवढा पिशवीत घाला. आधी पोरीकडं, ती आता अकॅडमीच्या मैदानावर असंल. जाऊन तारंला हुबा ऱ्हातो. लाइनीत आली की ती आधी माझ्या पायाकडं बघती — बघू दे. — आता काय इचारता? घाईत हाय म्या. लई बोलता राव तुमी, मालक.