लेहला निघालेला कुकर

पोस्टात पार्सलच्या रांगेत मराठी कानावर पडलं, तशी मालविकाने मोबाइल पर्समध्ये टाकला. पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं. बाईंच्या हातात खोकं होतं आणि आजोबांचा पाय एका जागी ठरत नव्हता.

"अहो, किती येरझाऱ्या घालाल? नंबर जाईल."

"मी म्हणतो, कुकर धाडायचाच कशाला? इरावती काय जन्मभर लेहला राहणार आहे?"

"महिनाभर पोरगी कच्ची डाळ खातेय. म्हणते, पाणी खदखदा उकळतं, पण दाणा काही शिजत नाही."

"कसा शिजेल? एवढ्या उंचीवर हवेचा दाब कमी. पाणी अठ्ठ्याऐंशी अंशांवरच उकळतं. मग कितीही जाळ लावा, त्याहून तापत नाही."

"पस्तीस वर्षं फळ्यावर हेच लिहिलंत ना? मग कुकरमध्ये शिजेल की नाही?"

"शिजेल. आत दाब वाढला की शिजेल."

"मग झालं तर!"

"काय झालं? तिथे नीट शिजायला लागलं, तर ती घरी कशाला येईल?"

त्यांचा नंबर लागला. खिडकीतल्या कारकुनाने खोकं पुढे ओढलं. "अम्मा, डिब्बा सील कर दें?"

"कर दो, भैया."

"रुको, रुको! जरा थांब गं."

"आता काय?"

"ही… शिट्टी. काल रात्री मीच काढून खिशात ठेवली होती."

"राहू द्या तुमच्याच खिशात. मी सकाळीच चौकातून नवी आणून आत घातलीय. तुम्ही देताय का, तेवढंच बघत होते."