आधी पडली ती गाडी आधी

मी मूळची बीडकडची, लग्न करून चाकनला आले, म्हंजी नवऱ्यानं आनलं, तो कंपनीत माल चढवायला व्हता, आनि पोरगी रांगायला लागली तवा तो तळेगावकडं एका बाईपाशी गेला तो गेलाच, मेला असंल तर कुनी कळवलं नाही आनि जिता असंल तर मला काय करायचंय. पोरगी एकच, शीतल. तिच्यासाठी मी वायरिंगच्या कंपनीत लागले, दिवसभर उभ्यानं वायरी गुंफायच्या, ओव्हरटाइम म्हनला की थांबायचं, सुपरवायझर शिव्या द्यायचा त्या खाली मान घालून ऐकायच्या, मनात म्हनायचे, दे बाबा, तुह्या शिव्या खाऊन माही लेक इंजिनेर होईल. झाली बगा. हिंजवडीला नोकरी, वाकडला फ्लॅट, नवरा तिच्याच हापिसातला. कोर्टात लग्न केलं, मी व्हते, नवी साडी नेसून. फोटोत मी हाय का नाही ते माहीत नाही, फोटो मला कुनी दावले नाहीत.

मग कंपनीनं आमा थकलेल्या बायांना काढलं, तवा ठेकेदार म्हनला, चऱ्होलीला चला, रविवारचं काम हाय, नुसतं उभं राहायचं. म्हनलं, उभं राहन्यातच तर हयात गेली माही, चल.

ते ठिकान अन्नाचं. अन्ना तिथलाच, वावर बिल्डरला दिलं, इमारती झाल्या, मधी एक तुकडा उरला, त्यात त्यानं मातीचा ट्रॅक केला, वळनं, उंचवटे, कडंनं पाइप, आनि त्यावर रिमोटच्या गाड्या पळतेत. खेळन्यातल्या म्हनू नका, मीबी पहिल्या दिवशी म्हनले, सगळे हसले. कुत्र्याएवढी गाडी असती, घोट्यावर बसली तर मानूस मटकन खाली बसतंय. गाडीवाले वर मचानावर रिमोट घेऊन, आनि खाली वळनावळनाला आमी बाया, नारंगी जाकीट घालून. त्याला मार्शल म्हनतेत. गाडी उलटली की पळायचं, सरळ करायची, तोंड पुढं करून सोडायची, आनि माघारी आपल्या जाग्यावर.

खरं तर हे काम गाडीवाल्यांचंच हाय. रीतच अशी हाय, एक रेस पळवली की पुढच्या रेसला त्यानं खाली उतरून दुसऱ्यांच्या गाड्या उचलायच्या, म्हंजी आज मी तुही उचलतो, मग तू माही उचल. चांगली रीत हाय, नाही का? पन मातीत कोन उतरतंय, ऊन लागतंय, बूट खराब होतेत. मग अन्नानं आमाला आनलं. त्यांची पाळी आमी करतो, ते सावलीत कॉफी पितेत.

बाकीच्या रीती मात्र आमच्यासाठी ठेवल्या. येनाऱ्या गाड्यांकडं पाठ करायची नाही, मोबाइल काढायचा नाही, मागून कुनाची गाडी येत असली तर आधी तिला जाऊ द्यायचं, मगच पाऊल टाकायचं. आनि दोन गाड्या पडल्या तर आधी पडली ती आधी उचलायची, कुनाची का असंना. त्यात आपला-परका नाही. रीती गाडीवाल्यांलाबी हायत, मार्शलचा हात गाडीवर असला की रिमोटच्या खटक्यावरचं बोट काढायचं, मार्शलवर वरडायचं नाही. पन बोट कोन काढतंय, काय सांगू तुमाला, हातात धरली तरी चाकं गरागरा फिरत असतेत, बोटाची सालपटं निघतेत. आनि वरडायचं म्हनाल तर, ए म्हातारे, हल ना. एकानं म्हनलं, हिला पाय आहेत का खांब? सगळे हसले, मीबी हसले, हसलं नाही तर दुसऱ्या रविवारी बोलवत नाहीत.

तर एका रविवारी बगते तर मचानावर माहा जावई. त्यानं मला बगितलं, चांगलं तोंडाकडं बगितलं, आनि मान खाली घालून रिमोटची बॅटरी काढून परत घालायला लागला. म्हनलं, असंल बाबा, मित्र हायत संगं, लाजला असंल. पुढच्या बारीला तो शीतलला घेऊन आला. त्या दिवशी बायकांची रेस ठिवली व्हती. लेक गॉगल लावून मचानावर उभी, हातात रिमोट, खाली वळनावर मी, दोघींत काय अंतर, हाक मारली तर ऐकू यावं एवढंच. मला कायबी नको व्हतं, खरं सांगते. तिनं नुसतं आई म्हनावं, चारचौघांत, एकदा, मग भले घरी जाऊन भांडावं की हे काम कामून करायलीस.

रेस सुटली. माह्याच वळनावर एक निळी गाडी उलटली, मी निघाले, तेवढ्यात मागून शीतलची लाल गाडी आली आनि तिच्या अंगावरून पालथी झाली. आता निळी आधीची, मला ठाऊक हाय, एवढे दिवस तेच करायले मी. पन हात लाल गाडीवर गेला. लेकरू पडलं की आधी कुनाचं उचलता तुमी? मी लाल सरळ केली, सोडली, मग निळी. लाल पुढं निघून गेली आनि पहिली आली.

निळीवाली बाई खवळली. तिचा नवरा खवळला. हे सेटिंग आहे, म्हनला, मार्शल ओळखीची आहे. पुढची रेस थांबली, अन्ना पळत आला, आनि मला मचानाखाली उभं केलं सगळ्यांम्होरं. आवं, तुमाला रीत म्हाईत न्हाई व्हय, म्हनला, का वळखता या म्याडमला? मी वर बगितलं. अन्नानं तिलाच इचारलं, म्याडम, या तुमच्या कोन लागत्यात का?

तिनं गॉगलबी काढला नाही. छे, मी नाही ओळखत, म्हनली. आनि मग मला, मावशी, नियम माहीत नसतील तर उभं राहू नये ना, माझी रेस घालवलीत तुम्ही.

जावई शेजारीच व्हता. त्याची बॅटरी काय नीट बसंना.

तिची रेस बाद केली. मला अन्नानं त्या निळीवालीची माफी मागायला लावली, मागितली. मग म्हनला, यांचीबी मागा, नुकसान झालं त्यांचं. मी लेकीम्होरं हात जोडले, म्हनलं, चुकलं मॅडम. ती म्हनली, इट्स ओके.

संध्याकाळी फोन आला तिचा. मला वाटलं रडती का काय. रडली नाही. म्हनली, आई, तिथं येऊ नकोस, तुला काय लागंल ते मी पाठवते. म्हनलं, नको, मी येनार. तू वर उभी राहा, मी खाली उभी राहते, बग तुला जमतंय का. तिला नाही जमलं. ती यायची बंद झाली, फोनबी बंद झाला. हे मी मुद्दाम केलं, राग आला व्हता मला, अजूनबी हाय.

जावई येतो एकटा. परवाच्या रविवारी आला तर हातात मिठाईचा खोका. सगळ्यांला वाटत वाटत निघाला, मुलगी झाली, मुलगी झाली. मला कुनी सांगितलंबी नव्हतं की तिला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपन आईकडं असतं, नाही का? माह्या वळनावर आला, खोका पुढं केला, म्हनला, घ्या मावशी, बर्फी. शेजारच्या वळनावरची रुक्मिन भोळी, ती इचारती, साहेब, बाळंतिनीपाशी सासूबाई आल्या असतील? तो म्हनला, नाही हो, त्या गावी असतात, त्यांची तब्येत बरी नसते.

मी बर्फी घेतली. गोड व्हती. पुढच्या रेसची शिट्टी झाली, तशी मी हात जाकिटाला पुसले आनि उभी राहिले.

तिच्या लेकराला मी बगितलं नाही, बगीन असं वाटतबी नाही. पन माह्या तोंडून वाईट निघनार नाही, तुमी लिहा तसं. सुखात राहा म्हनावं. तिची लेक लई शिकू दे, तिच्यापरीस मोठ्या घरात जाऊ दे, आनि मोठी झाल्यावर तिला चारचौघांत आई म्हनू दे.