मिठागरातली नजर

नारायण पेठेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजी आणि त्यांची नात बसल्या होत्या.

“आजी, काळा चष्मा काढू नकोस. कालच ऑपरेशन झालंय.”

“असा चष्मा तुझ्या आजोबांना हवा होता गं. उन्हात मिठागर इतकं पांढरं चमकायचं की डोळे उघडवत नसत.”

“अजून आहे ते?”

“कुठलं! बांध फुटले, तिवरांचं रान माजलंय तिथे.”

“फोटोत आजोबा चिडलेलेच दिसतात.”

“लग्नातही डोळे बारीक करून, आठ्या घालून बघत होते. मला वाटलं, मी पसंतच नाही.”

“मग?”

“पावसाळ्यात मिठागर बंद झालं, ते घरी राहिले. हळूहळू आठ्या गेल्या. एक दिवस चांगले डोळे उघडून माझ्याकडे बघतच बसले.”

“आणि तू?”

“मी कसली बघतेय! मीच डोळे मिटून घेतले.”