हात चालवा!

स्वीडनमधल्या ग्नोश्यो गावच्या बसस्थानकावर कॉफीच्या मशीनपुढे माझ्या आधी दोन म्हातारे उभे होते.

"काय सिक्स्टन, भर कामाच्या दिवशी इथे? निकेलच्या मुलाम्याचा कारखाना बंद पडला की काय?"

"बंद कशाला पडेल, एव्हर्ट! कामावरच्या पोरांनी मलाच बाहेर काढलंय."

"मालकाला?"

"नगरपालिकेनं तंबी दिली होती ना, ओढ्यात निकेल उतरतंय, कारखान्याला टाळं लावू म्हणून? मग एक सल्लागार बाई आली. मला वाटलं, भलंमोठं मशीन गळ्यात मारणार."

"मारलं?"

"छे! म्हणाली, निकेलच्या टाकीतून माल वर काढलात की लगेच धुवायला नेऊ नका. टाकीवरच टांगून ठेवा, थेंब आतच निथळू देत."

"एवढंच?"

"एवढंच. निकेल वाचतंय, धुवायला पाणी कमी लागतंय, ओढ्याचं पाणीही तपासणीत पास झालं."

"मग तुला का हाकललं?"

"पोरं शीळ घालत निवांत उभी राहतात रे! मला नाही जमत. टांगलेला माल दिसला की हात आपोआप पुढे जातो. जन्मभर 'हात चालवा, हात चालवा' म्हणून ओरडलोय."

"अरे, अरे, मशीन थांबायच्या आधीच कप काय ओढतोस! सांडली बघ बुटावर."

"भरला होता की!"

"निथळू दे, सिक्स्टन. निथळू दे."