कारनाशिवाय धावाचं कसं?

…अन् पांघरून ओढाले तिले काहीच वाटत नाई, म्हनतो मी! पुसाची थंडी, बाहेर मिट्ट अंधार, कोंबडाबी पंखात मुंडकं घालून निजलेला, अन् आमची बायको मनकर्णा म्हनते, "उठा जी, धावाले जा." आता तुमीच सांगा, कोनापासून धावू? मांगं वाघ नाई, चोर नाई, सावकार नाई… आमच्या गावात कारनाशिवाय कोनी धावत नाई बाप्पा!

तसं कारन व्हतं म्हना. फारेस्ट गार्डाची भरती निघाली व्हती. गडचिरोलीच्या मैदानावर धावून दाखवाचं, समोर आला त्याले नोकरी! खाकी कपडे, महिन्याचा पगार! अन् माहं वय भरत आलेलं, यंदा नाई लागलो तं कायमचं संपलं. मनकर्णा म्हने, "मंग जन्मभर दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत चिखल तुडवा." नोकरी मलेबी पाहिजेच व्हती हो! पन गोधडीतून पाय बाहेर काढला का तो पायच म्हने, "इसरू, लेका, उद्यापासून पाहू!"

शेवटी तिनं एक दिवस तोंडावर गार पानी मारलं… धावलो! कुरखेड्याच्या रस्त्यानं, दातावर दात वाजवत. कडेले आमचे मुखरूभाऊ टमरेल घेऊन बसले व्हते, गावातले सगळ्यात म्हातारे मानूस. त्याइनं अंधारात धावता मानूस पायला… अन् आमच्या गावात कारनाशिवाय धावते कोन? "वाघ! वाघ!" टमरेल तिथीच, अन् भाऊ माह्याबी समोर! त्याइले पाहून शेकोटीवरचे उठले, शेकोटीवरच्याइले पाहून आंगन झाडनाऱ्या बाया… सारं गाव धावून राह्यलं! अन् तुमाले सांगतो, मले वाटलं खरंच वाघ आला, मी साऱ्याइच्या समोर निघून गेलो!

मंग भाऊनं धरलं. "काऊन बे, वाघ कुठी हाये?"

"वाघ नाई जी… मी तं असाच धावून राह्यलो."

"असाच? माह्यासारख्या म्हाताऱ्याले धावाले लावलं, अन् असाच?"

तोडबी भाऊनंच काढली. म्हने, "गळ्यात बैलाची घंटी बांध. लोक समजतीन ढोर चाल्लं, कोनी भेनार नाई." बांधली घंटी! खरंच कोनी भेलं नाई. पन समोर भागीरथाबाईचं वावर, त्यात लाखोरीचं पीक, अन् म्हातारी राखनीले बसलेली. तिनं अंधारात घंटी आयकली… "घुसलं वो माय, मोकाट ढोर घुसलं!" अन् काठी घेऊन निघाली! "बाई, मी हाओ, इसरू!" पन म्हातारी आयकते कशाले? पाठीत एक बसली, अन् सांगतो काय… थंडी गेली, झोप गेली, पायाले चाकं लागले! घरी पोचून सांगितलं तं मनकर्णा हासून हासून खालीच बसली. मीबी हासलो. अन् मंग तिनं काय करावं? पायलीभर तांदूळ घेऊन भागीरथाबाईकडं गेली! "बाई, जरा हळू मारा, पन रोज मारा!"

झालं! पूस सरला, माघ आला, सकाळी मी समोर, म्हातारी मांगं. शेकोटीवरचे लोक टाळ्या वाजवत. मुखरूभाऊ बसल्या जागेवरून वरडत, "डावीकडून मार वो भागीरथा!" अन् खोटं काऊन बोलू, मले मजा येऊन राह्यली व्हती! कारन भेटलं व्हतं ना!

भरतीचा दिवस आला. मैदानात पोट्टे उड्या मारून राह्यले. साहेबानं शिट्टी वाजवली, सारे सुटले, अन् मी… उभा! पायच उचलेना! मांगं पायलं, कोनीच नाई. कारनाशिवाय धावू कसा? गेली आता नोकरी, मले रडूच आलं… तेवढ्यात कुंपनामांगून टन टन टन! मनकर्णा! पदराखालून घंटी काढून वाजवून राह्यली व्हती! पाठीत जुनी कळ उठली, अन् असा सुटलो, असा सुटलो, का पल्ला सरला तरी थांबलो नाई, लोकाइनं धरून आनलं!

लागलो नोकरीले! खाकी घातली तं मनकर्णाचे डोळे भरून आले, माहेबी आले. पहिल्या दिवशी साहेबानं आमाले रांगेत उभं केलं, अन् जंगलाचा पहिला नियम सांगितला. काय म्हने? "वाघ समोर आला तर जागचं हलायचं नाही. आणि धावायचं तर मुळीच नाही!"

घ्या! जन्मात पहिल्यांदा धावाले खरं कारन भेटलं… अन् आता साहेब म्हनते, उभा राय!