मौनातला तांब्या

नंदुरबारच्या एस.टी. स्टँडवर जमनाबाई जपाची माळ ओढत होत्या. शेजारी एक सून, तिची सासू आणि सासूची नणंद येऊन बसल्या, तशी माळ आपोआप मंदावली.

"तापीआत्या, मी माहेरले जास. चातुर्मास सरना का येसू."

"अवं छबू, वहिनीनं चातुर्मासमां रोज दिवा लागेपर्यंत मौन शे. ती तुले एक शब्द तरी बोलस का?"

"बोलत नहीत, तांब्या आपटतस! काहीतरी चुकनं इतलंच समजस. काय चुकनं ते कसं समजी? काल मी सगळा सयपाक परत करा, आनि चूक निंघनी दारनी रांगोळीमां!"

ठण्ण! सासूने हातातला तांब्या बाकावर आपटला.

"देखा आत्या! आते हाई कशानं?"

"थांब. वहिनी, आते असं कर. जठे चूक व्हई, तठे पहिले तांब्या लाव. मंग एक ठोका म्हणजे चाली जाई, पन पुढे ध्यान ठेव. दोन ठोका म्हणजे हात थांबाड, नि पहिलेथून कर. कबूल?"

सासूने मान डोलवली. छबूच्या घसरलेल्या पदराला तांब्या टेकवला आणि बाकावर एकच ठोका दिला.

"असं व्हय! पदर शे का?" छबूने हसून तो सारखा केला. "आते कसं समजनं!"

तेवढ्यात छबूच्या माहेरची, तळोद्याची गाडी लागली. छबू गाठोडं उचलून उभी राहिली.

सासूने तांब्या गाठोड्याला लावला. बाकावर एक ठोका पडला. तांब्या जरा घुटमळला, आणि मग दुसरा पडला.

"चाला आत्या," छबू म्हणाली, "घर जाऊत."

जमनाबाईंचा मणी केव्हाचा बोटांतच अडकला होता. त्यांनी माळ मेरुमण्यापाशी आणली आणि पहिल्यापासून जपायला घेतली.