वाटीवरची खूण

ऐकलात ना? मग झालं. मला वाटलं होतं, तुम्हीही म्हणाल, ताई, काही नाही हो, तुमच्या मनाचे खेळ आहेत. — नाही, आता गाडी परत फिरवून आणून उपयोग नाही, आता नाही यायचा तो आवाज. सकाळची गारठलेली गाडी, पहिल्या वळणापर्यंत, बस. चीं-चीं-चीं, चाकाच्या फेऱ्याबरोबर, आणि गिअर टाकला की खालून टक्. एकदा गरम झाली की मग शहाण्या मुलीसारखी गप्प. म्हणून तर काल संध्याकाळीच तुमच्या गॅरेजच्या दारात लावून गेले — म्हटलं, रात्रभर गारठू दे, सकाळी तुम्ही स्वतःच चालू करा. काचेवरचं गोठलेलं दव मी खरवडते, पण आवाज तुमच्या कानांनी ऐका.

मला कसं कळतं? शिकवलंय मला. हे गेले तेव्हा या व्हॅनचा सरकता दरवाजासुद्धा मला धड लावता येत नव्हता. ह्यांचे मित्र आहेत, त्यांचं पुलापलीकडे गॅरेज आहे, सगळे त्यांना भाऊ म्हणतात — ओळखत असालच. नाही? बरं झालं. तर ते म्हणाले, वहिनी, गाडी विकू नका, शाळेची मुलं ने-आण करा, मी आहे. आणि होतेच हो, खोटं कशाला बोलू. नुसती चालवायला नाही शिकवली, ऐकायला शिकवली. शाळेच्या लांब भिंतीला लागून हळूहळू न्या, काच खाली करा, भिंत आवाज परत फेकते. क्लच दाबून नुसती घरंगळू द्या — आवाज थांबला तर इंजिनाकडचा, तसाच राहिला तर मागचा, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या त्या लांब दांड्याचा, शाफ्टचा, नाहीतर चाकांचा. मी आपली रिकामी गाडी घेऊन भिंतीकडेने जातेय आणि शाळेचा रखवालदार बघतोय, या बाईचं काय हरवलंय म्हणून.

तर यंदा थंडी पडली आणि हा आवाज सुरू झाला. मीच जाऊन सांगितलं, भाऊ, मागचा आहे, शाफ्टचा वाटतो. ते खाली गेले, शाफ्ट हाताने हलवला, वर आले, म्हणाले, शाब्बास वहिनी. सांध्यातला तो चार टोकांचा क्रॉस गेलाय. तुटला ना, तर शाफ्ट रस्त्यावर आपटेल आणि गाडी कुठे जाईल सांगता यायचं नाही, उद्या आणा, बदलूनच टाकू. त्यांचेच शब्द आहेत हे. कळलं नव्हतं असं नाही त्यांना, एवढंच सांगतेय.

दुसऱ्या दिवशी दिली गाडी, संध्याकाळी आणली. जुना क्रॉस कागदात गुंडाळून हातात ठेवला माझ्या, रीतसर. आवाज बंद. काही दिवस छान गेले — आणि परत चीं-चीं. मी गेले परत. तर म्हणाले, नवा आहे, थंडी आहे, बसेल हळूहळू. आणि हसले. म्हणाले, वहिनी, तुमचे कान फार तिखट झालेत हल्ली. म्हणजे बघा, कान कुणी केले तिखट?

थांबा, लगेच गाडीखाली नका शिरू. टॉर्च ठेवा जरा. एक सांगायचं राहिलंय.

मी खूण केली होती. गाडी देण्याच्या आदल्या दिवशी. क्रॉसच्या टोकाला ती छोटी लोखंडी वाटी असते ना, तिच्यावर नेलपॉलिशचा ठिपका. हीसुद्धा त्यांचीच शिकवणी — परक्या गॅरेजात गाडी द्यायची वेळ आली तर आधी खूण करा, म्हणजे भाग बदलला की नाही ते कळतं. परक्या गॅरेजात, म्हणाले होते. पण माझी नणंद राहते माझ्याकडे, तिला ते कधीच आवडले नाहीत. ती म्हणते, तुझा तो भाऊ लाडेलाडे बोलतो आणि तू विरघळतेस. म्हटलं, थांब, तुझं तोंडच बंद करते. नेलपॉलिश तिचंच घेतलं, टॉर्च तिलाच धरायला लावला आणि खाली गेले मी. विश्वास नव्हता म्हणून नाही हो केली खूण. विश्वास होता म्हणून केली.

आणि कागदातल्या क्रॉसवर ठिपका नव्हता. चारही वाट्या बघितल्या. पण पेट्रोलने धुतला असेल ना? निघतो की पेट्रोलने. निघत नाही? घासला तर निघत असेल. मी नणंदेला सांगून टाकलं, होता ठिपका, बघितला मी. मग स्वतःच का नाही बघितलं खाली जाऊन? गेले होते ना. पाठ टेकली, अर्धी आत गेले, आणि आले परत बाहेर. फरशी गार होती. — गारच होती.

आणि मला सांगा, ते असं करतील का? त्यांची धाकटी लेक माझ्याच गाडीत बसते. अगदी माझ्या मागच्या सीटवर, खिडकीशी. गाडी थांबली की माझी वेणी ओढते, म्हणते, काकू, घोडा थांबला. कुठला बाप आपल्या लेकीला अशा गाडीत — नाही, सध्या नाही बसत. सध्या तेच सोडतात तिला स्कूटरवर. गाडी दुरुस्त करून दिली ना, त्यानंतर एकदाही नाही बसली. तिला सर्दी होते, म्हणाले, व्हॅनमध्ये फटीतून वारा येतो. मी म्हटलं, खिडकीला नवं रबर लावून घेते. तर नको वहिनी, म्हणाले, राहू दे, मीच सोडत जाईन. बघितलंही नाही माझ्याकडे. व्हॅनच्या फटीतून वारा लागतो पोरीला, म्हणून स्कूटरवरून — उघड्या स्कूटरवरून, या थंडीत —

नाही. काही नाही. बोला तुम्ही. नाही, पाणी नको.

बाकीच्यांची मुलं बसतात की. रोज बसतात. मी गाणं म्हणायला लावते त्यांना उतारावर, भरल्या गाडीत तिथे परत वाजतं खाली, ते ऐकू येऊ नये म्हणून. घाबरतात ना.

नवा मिळाला नसेल त्याला. मग मिळाला नाही म्हणायचं होतं. गाडी उभी केली असती मी, हाताला धरून पायी नेली असती एकेकाला. आपली लेक तेवढी उतरवून घेतली त्याने. गुपचूप.

जा खाली. चिंधी घेऊन जा, ग्रीस असेल वर, भरपूर चोपडलं असणार, म्हणूनच तर काही दिवस गप्प होती. मी इथेच उभी आहे.

...

काय म्हणालात? गुलाबी?

रंग मी सांगितला नव्हता तुम्हाला.

नाही, मी बसत नाही आता. उद्या शाळा आहे, मुलांच्या घरी जाऊन सांगायला हवं, आणि चालत जायचंय. किल्ली टेबलावर ठेवलीय. शाफ्ट उतरवा. आणि तो क्रॉस निघाला की कागदात नका गुंडाळू. तसाच द्या, हातात.